मानेचा प्रश्न

बद्रीनाथ ठोंबरे यांना मी चुकीचा कॅमेरा विकला. यात थोडा दोष मराठी भाषेचाही आहे, पण आमचे मालक नानासाहेब म्हणतात, "भाषेला मी पगार देत नाही, तुला देतो."

नानासाहेबांचं उस्मानपुऱ्यात कॅमेऱ्यांचं दुकान आहे. नवा माल थोडा, वापरलेला जास्त. मी मूळचा वैजापूरचा. शाळा-कॉलेज तिथंच झालं आणि कॅमेऱ्याचं शिक्षण मोबाइलवर व्हिडिओ बघून. म्हणजे बोलायला पक्का, हाताळायला कच्चा. दिवाळीनंतर शहरातल्या एका फोटोग्राफरनं नवे, बिनआरशाचे कॅमेरे घेतले आणि आरसेवाले आपले दोन भारी डीएसएलआर आमच्याकडं विकायला आणून ठेवले. नानासाहेबांनी दोघांचं बारसं केलं. एक पाटील, दुसरा कोतवाल.

पाटील वजनदार. पंचेचाळीस मेगापिक्सेल. त्याची लेन्स आखूड, पण बसल्या जागेवरून सगळ्या गावावर नजर. पैठणीच्या काठातला धागा, मूर्तीच्या बोटाचं नख, अंधाऱ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत कोण पेंगतंय, काही सुटायचं नाही. फक्त घाई करायला सांगायची नाही. कोतवाल त्याच्या निम्म्या मेगापिक्सेलचा, पण पळण्यात त्याचा बाप. सेकंदाला दहा फोटो, आणि एकदा एखाद्याच्या मागं लागला की हटायचं नाव नाही. जोडीला लांबचं जवळ आणणारी हातभर लेन्स. तेव्हा लग्न, सभा, चेहरे, देवळं हे पाटलाचं काम. क्रिकेट, शंकरपटातली पळती बैलं, पाखरं हे कोतवालाचं. एवढं शाळकरी पोरालाही कळंल.

त्यात बद्रीनाथकाका दुकानात आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डोळ्यावर काळा चष्मा. आवाज असा, की 'नमस्कार' म्हणाले तर बाहेरच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. एवढ्या सामग्रीवरून मी माणूस ओळखला.

"कॅमेरा पाहिजे," काका म्हणाले. "पक्षांचे फोटो काढायचेत."

"कोणत्या पक्षाचे?"

"असं एकाला धरून बसल्यावर कसं व्हईल? जो समोर येईल त्याचा काढायचा."

माणूस अनुभवी वाटला. मी विचारलं, "गर्दी कितपत असते?"

"हिवाळ्यात बघा तुम्ही. आमच्या गंगापूरकडं हजारांनी उतरतात. ऊन वाढलं की एक दिसत नाय."

"मतलब असंल तोवरच येणार."

"खायला असंल तोवर," काकांनी दुरुस्ती केली. "इथलं संपलं की चालले दुसरीकडं. त्यांचा काय भरवसा?"

"जवळ जाऊ देतात का?"

"छ्या! माणूस दिसला की सगळे एकदम उठतात."

इतकं खरं बोलणारा कार्यकर्ता मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटचं म्हणून विचारलं, "फोटो काढायची वेळ साधारण कोणती?"

"पहाटेची. सगळ्या हालचाली पहाटेच व्हतात."

पहाटेचं ऐकल्यावर शंकेला जागाच उरली नाही. मी पाटील काढून त्यांच्या हातात दिला. अंधारात कसा चालतो, अख्खं व्यासपीठ एका फोटोत कसं बसतं, सगळं समजावलं. 'व्यासपीठ' ऐकून काका थोडे थबकले, पण पाणथळीला शहरातली माणसं तसं म्हणत असतील, असं त्यांना वाटलं. हे त्यांनीच नंतर सांगितलं.

त्याच आठवड्यात इंद्रजीत आला. हा खरोखरच एका पक्षाचा तालुका प्रसिद्धिप्रमुख. त्याला सभांसाठी कॅमेरा हवा होता आणि दुकानात उरला होता कोतवाल. खरं तर 'थांब' म्हणायला हवं होतं. पण एकदा विक्री झाली की माणसाला दुसरीची चटक लागते. "दादा, गर्दीत घुसायची गरजच नाही. लांबून साहेबांचा चेहरा असा येतो बघा," असं म्हणून मी त्याला कोतवाल बांधून दिला. नानासाहेब लेकीकडं गेले होते. परत आल्यावर दोन्ही कॅमेरे गेलेले पाहून त्यांनी मला चहा पाजला. तो चहा पुढं त्यांनी पुष्कळदा बोलून दाखवला.

काही दिवसांनी बद्रीनाथकाका परत आले. पाटील काउंटरवर ठेवला आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "हा करकोचा."

पडद्यावर धरणाचं पाणी होतं, आभाळ होतं आणि लांबवर एक टिंब.

"काका, लेन्सवर धूळ बसलीय वाटतं."

"धूळ नाय, करकोचा हाय तो. बेटावर उभा हाय."

"पण तुम्ही तर पक्षांचे..."

"मग करकोचा काय म्हशीत मोडतो व्हय?"

नानासाहेबांनी मला आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते मला लिहायचं नाही.

बाहेर आल्यावर काकांची खरी ओळख झाली. बद्रीनाथकाका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसस्थानकावर खिडकीत बसून गाड्या पुकारणारा माणूस असतो, तो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण आवाज अजून ड्यूटीवरच आहे. घरी पाणी मागितलं तर चार घरं पलीकडचा माणूस तांब्या घेऊन येईल. शेत गंगापूर तालुक्यात, धरणाचं पाणी मागं पसरतं त्या बाजूला. तिथं बांधावर बसून पाखरं बघायचा नाद लागला आणि पाखरांचंही त्यांनी स्थानक करून टाकलं. बारमाही दिसणारी ढोकरी, म्हणजे तो भुरकट बगळा, ही लोकल फेरी. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चक्रवाक म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, आपल्याकडं मुक्कामी. नुसतं वरून जाणारं पाखरू विनाथांबा. काळा चष्मा पुढारीपणाचा नव्हता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा होता. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

आणि तिथंच घोडं अडलं होतं. पक्षी बघणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शहरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या श्रेयामॅडम त्याच्या प्रमुख. थंडीच्या सुरुवातीला काकांनी ग्रुपवर जाहीर केलं, की बॅकवॉटरला काळा करकोचा मुक्कामी आला आहे. काळा करकोचा या भागात सहसा कुणाला दिसत नाही. दिसतो तो पांढऱ्या मानेचा. बाकी अंग दोघांचं जवळजवळ सारखंच, फरक काय तो मानेचा. मॅडमनी अदबीनं लिहिलं, "काका, पांढऱ्या मानेचा असेल. मानेचा फोटो आहे का? फोटोशिवाय नोंद घेता येत नाही." फोटो नव्हता. मग कुणीतरी लिहिलं, "काका, दुसऱ्या डोळ्याचंही करून घ्या, मान पांढरी दिसेल." त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

ती रांग काकांना लागली ती लागलीच.

"अख्खी नोकरी गेली," ते आम्हाला सांगत होते, आणि सांगताना आवाज पहिल्यांदाच खिडकीतला नव्हता. "वैजापूरच्या फलाटावर कन्नडची गाडी आली, असं एकदा सुद्धा पुकारलं नाय. आता म्हणतात, म्हातारा फेकतो. ते पाखरू काय माझं सोयरं नाय. पण मी काळं बघितलं तर काळंच सांगणार ना? ऊन वाढायच्या आत त्याची मान मला फोटोत पाहिजे. एकदा का गेलं, की मी मरेस्तोवर फेकूच."

काकूंचं, म्हणजे आवडाबाईंचं, मत वेगळं होतं. त्यांना मी पुढं भेटलो. म्हणाल्या, "घरात समोर ठेवलेला चष्मा दिसत नाय ह्यांना. अन् धरणापल्याडच्या पाखराची मान दिसती! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी मान कशी हाय विचारा बरं."

काका म्हणाले, "ताठ."

आता उपाय एकच होता. साटंलोटं. पाटील इंद्रजीतकडं, कोतवाल काकांकडं. इंद्रजीत तयार होईल का, याची मला धास्ती होती. पण फोन उचलल्या उचलल्या त्यानंच मला फैलावर घेतलं. "ऋतुराज, तू मला कॅमेरा दिला का दुर्बीण?" हॉलमधल्या सभेत व्यासपीठावर एकोणीस जण होते. ती हातभर लेन्स घेऊन बिचारा मागं मागं सरकत हॉलच्या दाराबाहेर गेला, तिथून रस्ता ओलांडून पानटपरीपर्यंत गेला, तरी फोटोत दीड माणूस आला. एक साहेब पूर्ण आणि शेजारच्या उपाध्यक्षांचा कान. "कान लई सुंदर आलाय," इंद्रजीत म्हणाला, "पण उरलेले सतरा जण माझ्याशी बोलत नाहीत."

त्याला रविवारी गंगापूरकडं काम होतंच. ठरलं, की मला त्यानं गाडीत घ्यायचं आणि काकांच्या शेतावर जाऊन अदलाबदल करायची. शिवरात्र होऊन गेली होती. दुपारी आता चटका बसत होता, आणि चक्रवाकांचे थवे रोज थोडे थोडे कमी दिसतायत, असं काकांनी फोनवर सांगितलं होतं. शेवटच्या गाड्या सुटायला लागल्या, हे त्यांचे शब्द.

आम्ही पोचलो तेव्हा काका बांधावर उभेच होते. इंद्रजीतनं पाटील गळ्यात घातला, काकांनी कोतवाल छातीशी धरला. मी ज्ञान दिलं, "काका, पाखरू उडालं की हे बटण दाबायचं आणि सोडायचंच नाही. कोतवाल आपोआप त्याच्या मागं जातो." हे मी व्हिडिओत बघितलं होतं.

"सोडायचं नाय," काकांनी पाठ केलं आणि चिखलात उतरले. समोरच्या बेटाआड, लव्हाळ्यात, काहीतरी गडद उभं होतं. काका वाकून पुढं सरकत होते. मागं आम्हाला ऐकू जावं म्हणून कुजबुजतही होते. ती कुजबुज अर्ध्या धरणाला ऐकू जात होती.

"थोडं हळू बोलायला सांग ना," इंद्रजीत मला म्हणाला.

"हेच हळू आहे, दादा."

तो बांधाच्या वळणानं काकांच्या पुढं, उन्हाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात बेटामागून एका मासेवाल्याची होडी निघाली. लव्हाळं हललं आणि करकोचा उठला. केवढा तो पंखांचा पसारा! आधी पाण्यावरून पसरट आला, मग वळून सरळ आमच्याच दिशेनं. काकांनी बटण दाबलं. कोतवाल सुरू झाला, शिलाई मशीन चालावं तसा, खटखटखटखट. काकांनी सोडलं नाही. करकोचा जवळ येत गेला, मोठा होत गेला, आता डोक्यावर येणार, आणि मशीन थांबलं.

खट. मग काहीच नाही. कॅमेऱ्यावर एक लाल दिवा लुकलुकत राहिला.

"अरे चल ना!" काका ओरडले. त्यांनी कॅमेरा हलवला, मग त्याच्या बुडावर दोन थापा दिल्या, बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटवर देतात तशा. करकोचा त्यांच्या डोक्यावरून गेला, माझ्यावरून गेला, मागं उसाच्या पलीकडं उतरत दिसेनासा झाला.

झालं होतं एवढंच, की कोतवालानं एका दमात इतके फोटो घेतले, की ते साठवता साठवता त्याचीच दमछाक झाली. वेगवान कॅमेऱ्याला तसंच चपळ मेमरी कार्ड लागतं. आम्ही घातलं होतं जुनं, लग्नाचं. आणि त्याला मध्ये श्वास घेऊ द्यायचा असतो. व्हिडिओत हेही सांगितलं असणार. पण पूर्ण व्हिडिओ बघतं कोण?

काका बांधावर येऊन बसले. एका पायातली चप्पल चिखलातच राहिली होती. दिवा विझल्यावर आम्ही एक एक फोटो बघितला. फोटो भरपूर होते आणि वाईट एकही नव्हता. पंखाचं पीस न् पीस होतं. फक्त पाखरामागं ऊन होतं, त्यामुळं सगळं पाखरूच काळं आलं होतं. मान काळी, पोट काळं, पायही काळे. अशा फोटोत पांढरा बगळाही काळाच आला असता.

"ह्यानं काय सिद्ध व्हत नाय," काका म्हणाले.

काकांनी कोतवाल नीट पिशवीत ठेवला, चेन लावली. मग उसाकडं बघत अगदी हळू म्हणाले, "गेली गाडी." त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं. सोडायचं नाय हे माझंच वाक्य होतं.

इंद्रजीत मागं उभा राहून आपल्या पाटलाचा पडदा बघत होता. दबकत पुढं आला. "काका, रागवणार नसाल तर एक दाखवू का? करकोच्याचा नाही, तुमचाच काढलाय. तुम्ही त्या चिखलात असे उभे, कॅमेरा वर... मला लई भारी वाटलं, म्हणून एकच काढला."

फोटोत काका होते. घोट्याच्या वरपर्यंत चिखल, एक पाय चपलेत, एक नुसता. मान मागं, तोंड सताड उघडं, लाल दिव्यावर ओरडत असतानाचं. आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, पंख पसरून, करकोचा. पाखरू आता ऐन उजेडात होतं. इंद्रजीतच्या पाठीमागून आलेलं ऊन सरळ त्याच्या कुशीवर, मानेपासून पोटापर्यंत पडलं होतं.

मी कॅमेरा जवळजवळ ओढूनच घेतला आणि फोटो मोठा करत गेलो. पाटील म्हणजे पाटील. मोठं करावं तसं आणखी काही दिसत गेलं. लाल चोच. लाल पाय. पांढरं पोट. मग मान.

"बोल," काका म्हणाले. त्यांनी स्वतः पडद्याकडं बघितलं नाही. काळा चष्मा काढून ते पुसत होते.

"काळी आहे."

"नीट बघ. सावली नसंल ना?"

"काळीच आहे, काका. खालचं पोट पांढरंशुभ्र दिसतंय, आणि मान काळी कुळकुळीत."

"इंद्रजीतराव, तुम्ही सांगा. ह्याच्यावर माझा भरवसा नाय."

इंद्रजीतनं वाकून बघितलं. "काका, काळी. शपथेवर सांगतो."

"तुमच्या शपथेचं राहू द्या, नुसतं सांगा." काकांनी चष्मा लावला, पडदा डोळ्याजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मग जे हसले, ते ऐकून लव्हाळ्यातल्या दोन ढोकऱ्या उडाल्या.

फोटो ग्रुपवर टाकायचा म्हणून मी म्हणालो, "काका, पाखरापुरता कापून देतो. तुम्ही त्यात जरा... तोंड उघडं आलंय. आणि चप्पल."

काका विचारात पडले. सबंध नोकरी शर्टाची घडी मोडू न दिलेला माणूस. ग्रुपवर सव्वाशे लोक. थोडा वेळ ते त्या चिखलातल्या बद्रीनाथाकडं बघत राहिले.

"नगं कापू," शेवटी म्हणाले. "कापलं तर म्हणतील, कुठला तरी फोटो आणून चिकटवला. मी हाय, माझं शेत हाय, वर पाखरू हाय. अख्खा जाऊ दे. खाली लिही, फोटो इंद्रजीतरावांचा. अन् पाहणारा मी."

संध्याकाळी श्रेयामॅडमचं उत्तर आलं. "काळा करकोचा. शंकाच नाही. नोंद घेतली. काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता, पण फोटो मागायचं मात्र सोडणार नाही. ता. क. चप्पल मिळाली का?" त्याच्याखाली पुन्हा हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ही रांग काकांनी आवडाबाईंना स्वतः मोजून दाखवली. काकूंनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, "दात कधी दाखवून घेणार?"

इंद्रजीतनं मात्र हिशेब तिथंच बांधावर मांडला होता. "काका, तुमचा फोटो मी काढला. आता माझा तुम्ही काढायचा. वाढदिवसाच्या बॅनरसाठी. कार्यकर्त्यांनी काढला की मी सुजलेला येतो." काकांनी छातीला हात लावून शब्द दिला होता. "कधीपण या. देणं लागतो."

मग इंद्रजीत एकदा आला, पण चार कार्यकर्ते घेऊन. काका म्हणाले, एकट्याचं ठरलं होतं. पुढल्या वेळी एकटा आला, पण फोटो काढताना मोबाइल कानाचा सुटेना. काकांनी कॅमेरा खाली ठेवला. "फोन ठेवून बसायचं जमलं की या." तिसऱ्यांदा तो अगदी शहाण्यासारखा बसला, तर पाटील घरी विसरून आला होता, आणि कोतवालाच्या लेन्सनं काढायचा म्हणजे काकांना मधला ऊस ओलांडून पलीकडं जावं लागलं असतं. वाढदिवस होऊन गेला. चौकात बॅनर लागलं, त्यात इंद्रजीत कॉलेजातला दिसतो. बायकोनं जुन्या अल्बममधून काढून दिला म्हणे.

परवा तो दुकानात आला होता. म्हणाला, "ऋतुराज, काकांना फोन लाव. पक्षाचं ओळखपत्र करायचंय, आता तरी काढून द्या म्हणावं." मी लावला. स्पीकरवर टाकायची गरज नव्हती.

"देणं मान्य हाय," काका म्हणाले. "पण बांधावर टिटवीनं चार अंडी घातलीत. आवडाबाईला खुरपायला सुद्धा तिकडं जाऊ देत नाय मी. पिल्लं निघू द्या, मग बघू."

"कधी निघतील?" इंद्रजीतनं विचारलं.

"ते टिटवीला विचारावं लागंल," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.